आधी गादी, मग गणवेश

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की संध्याकाळचे क्लासही भरू लागतात. कराटे, तायक्वांदो, ज्युदो, अलीकडे किकबॉक्सिंग. सोसायटीच्या फाटकावर फलक लागतो, शाळेच्या ग्रुपवर निरोप फिरतो आणि सहा-सात वर्षांच्या पोराचं बोट धरून आई किंवा बाबा चौकशीला येतात. वेळ विचारून होते, फी विचारून होते, आणि तिसरा प्रश्न ठरलेला असतो : ड्रेस कुठे मिळेल? मुलाचा प्रश्नही तोच, फक्त त्याला पट्ट्याचा रंगही हवा असतो.

मुंबईत ही खरेदी बऱ्याचदा धोबीतलावला होते. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं शेजारी शेजारी आहेत. क्रिकेटच्या बॅटी आणि पॅड पुढे, आणि आत कुठेतरी प्लास्टिकच्या पिशव्यांत घडी घातलेले पांढरे ड्रेस, जुड्या बांधलेले पट्टे, खिळ्याला टांगलेले लाल-निळे ग्लोव्ह्ज. पुण्या-नाशिकच्या किंवा तालुक्याच्या गावच्या दुकानातही मांडणी फारशी वेगळी नसते. बराचसा माल मेरठ-जालंधरचा असतो. अशा दुकानात गिऱ्हाईक काय मागतं याकडे लक्ष दिलं, की एक क्रम दिसतो. आधी ड्रेस, मग पट्टा, मग ग्लोव्ह्ज. शिनगार्ड मागणारे कमी. दातांचा गार्ड क्वचित कुणी मागतं, आणि मागितला तर तो काचेच्या कपाटाच्या तळाच्या फळीवरून शोधून काढावा लागतो.

हा क्रम मला उलटा वाटतो आणि त्याबद्दल मनापासून काळजी वाटते. नवशिक्याला पहिल्या वर्षात जे खरोखर जपतं ते बहुतेक दुकानात मिळत नाही. ते क्लासच्या जमिनीवर अंथरलेलं असतं किंवा नसतं. त्याच्यामागोमाग येतं ते पडायला शिकवणारं कुणीतरी. मग मापाचा, रोज धुतलेला कपडा. आणि त्यानंतर, सामने खेळायची वेळ आली की, अंगावर चढवायचं संरक्षक साहित्य. त्यातलंही निम्मं आपल्यासाठी नसतं, समोरच्यासाठी असतं.

* * *

जमिनीपासून सुरुवात करू. आपल्याकडचे पुष्कळ क्लास इमारतीच्या पार्किंगमध्ये, गच्चीवर, शाळेच्या व्हरांड्यात किंवा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरतात. खाली शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, नाहीतर गुळगुळीत टाइल. पाय अनवाणी. हवेत ठोसे मारायचे, उभं राहून पवित्रे घटवायचे, तोवर हे चालून जातं. टाचा दुखतात, गुडघे कुरकुरतात, पण मोठा अपघात होत नाही. ज्या दिवशी जोडीनं पाय अडकवणं, ढकलणं, फेकणं सुरू होतं त्या दिवसापासून फरशी चालत नाही. एकमेकांत अडकवायचे फोमचे चौकोन बाजारात वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. दोन-अडीच सेंटीमीटरचे कराटे-तायक्वांदोच्या सरावाला पुरतात. फेकीच्या खेळाला साधारण चार सेंटीमीटर किंवा त्याहून जाड मॅट लागते, आणि तिच्या दोन तुकड्यांमध्ये फट पडता कामा नये, कारण पायाचं बोट त्या फटीतच मोडतं. चौकशीला गेलेल्या पालकानं मॅटवर आपला गुडघा टेकवून, भार देऊन पाहावा. खालची फरशी जाणवली तर ती मॅट फेकीसाठी नाही.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी वाटू नये. आपल्या तालमींनी ती कधीच ओळखली होती. कोल्हापूरच्या जुन्या तालमींत पैलवानाच्या अंगावर लंगोटाखेरीज काही नसतं, पण हौद्यातल्या मातीवर केवढी मेहनत! तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव मिसळायची, आणि रोज सरावाआधी ती खोदून, उकरून मोकळी करायची. नवा पोरगा तालमीत आला की त्याच्या वाट्याला डावांच्या आधी हे फावड्याचं काम येतं. दंड आणि खांदे त्यानं तयार होतात हे खरंच, पण ज्या जमिनीवर आपण पडणार ती आपल्याच हातानं मऊ करण्याची सवयही लागते. माती दाबून बसली तर ती काँक्रीटसारखी लागते, हे तालमीत कुणाला सांगावं लागत नाही.

शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात कुस्त्या होत त्या मातीवरच. मॅट आली ती आंतरराष्ट्रीय नियमांबरोबर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम दोन्ही त्यांना नवखे होते. तरीही सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. आज महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि गावोगावच्या तालमींत हौद्याशेजारी गादीही आली आहे. पाय रोवण्याची, घसरण्याची, पडण्याची सगळी गणितं दोन्हीकडे वेगळी. गादीवर बूट लागतात, मातीत अनवाणी पाय. म्हणजे कपडा आणि पादत्राण ठरवते ती जमीनच.

जमिनीकडे आणि शिकवण्याकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं याचा सगळ्यात जड हिशोब जपाननं केला आहे. नागोया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ र्‍यो उचिदा यांनी शाळांमधल्या ज्युदोतले मृत्यू मोजले. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शंभराहून अधिक मुलं दगावली होती. बरेच मृत्यू डोक्याला मार लागून, मेंदूवरच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊन झालेले. आणि त्यांत मोठा वाटा होता नव्यानं दाखल झालेल्यांचा, म्हणजे माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा. ही सगळी मुलं नीट ज्युदोचा गणवेश घालून होती. पुष्कळांच्या खाली मॅटही होती. नव्हतं ते पडण्याचं पुरेसं शिक्षण. समोरच्याचा पाय मागून काढून त्याला पाठीवर आपटणारी ओसोतोगारीसारखी फेक नवख्यावर जोरात झाली की डोक्याची मागची बाजू आधी खाली येते. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत पारंपरिक युद्धकला सक्तीच्या झाल्या, त्याच सुमारास हे आकडे लोकांसमोर आले, पालक उठून बसले, सूचना निघाल्या, आणि पुढच्या वर्षांत मृत्यूंची संख्या झपाट्यानं खाली आली. मुलांच्या अंगावरचा कपडा तोच राहिला होता. बदलला तो शिकवण्याचा क्रम.

हनुवटी छातीला टेकवून ठेवणं, पाठ गोल करणं, हात तिरपा मॅटवर आपटून जोर विखरणं, बाजूवर वळणं. या पडण्याला जपानीत उकेमी म्हणतात. आधी बसून, मग उकिडवं राहून, मग उभ्यानं, मग कुणीतरी हळूच फेकल्यावर, असं ते आठवडेच्या आठवडे घटवायचं असतं. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. पालकांना वाटतं, महिना झाला तरी अजून लोळायलाच लावतायत. त्या लोळण्याचीच फी आपण भरतो आहोत, असं मला प्रत्येक पालकाला सांगावंसं वाटतं. आणि ज्या मुलाच्या डोक्याला मार लागला, ज्याला उलटी झाली, गुंगी आली, जो सारखं तेच तेच विचारू लागला, त्याला तडक डॉक्टरकडे न्यायचं. त्या दिवशी तो परत मॅटवर जात नाही, आणि डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय पुढेही नाही.

* * *

आता कपडा. पांढरा जाड अंगरखा आणि सुरवार हा वेश फार प्राचीन असेल असं वाटतं, पण तो तसा अलीकडचा आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली. त्यांना पकडीचा खेळ शिकवायचा होता, तेव्हा ओढलं तरी फाटणार नाही असा अंगरखा हवा होता. सुरुवातीच्या बाह्या आखूड, चड्डीही गुडघ्यापर्यंतचीच. कोपरं आणि गुडघे सोलवटायचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही लांबल्या. कराटेला तर असा वेश नव्हताच. ओकिनावात लोक रोजच्या कपड्यांत किंवा कमीत कमी कपड्यांत सराव करत. १९२२ साली तिथले कराटे-शिक्षक गिचिन फुनाकोशी टोकियोला आले, कानोंच्या कोडोकानमध्ये त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं, आणि हळूहळू ज्युदोच्या अंगरख्याची हलकी आवृत्ती कराटेनं उचलली. १९२४ मध्ये फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना काळे पट्टे दिले. रंगीत पट्ट्यांची शिडी पुढे युरोपात लोकप्रिय झाली. पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचं नाव त्या संदर्भात नेहमी घेतलं जातं. ज्युदोत निळा वेश आला तो डच विजेते आंतोन हेसिंक यांच्या आग्रहामुळे, १९९७ पासून, पंचांना आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना दोघे खेळाडू वेगळे ओळखू यावेत म्हणून. तायक्वांदोचा गळ्यातून घालायचा, इंग्रजी व्ही आकाराच्या गळ्याचा सदरा हा आणखी अलीकडचा, कोरियात रूढ झालेला.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की प्रत्येक कपडा एका कामासाठी बेतलेला आहे, आणि काम वेगळं असेल तर कपडाही वेगळा लागतो. ज्युदोचं कापड तांदळाच्या दाण्यासारख्या उठावाच्या विणीचं असतं. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ते दर चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅम वजनाचं असावं लागतं. नवख्या मुलाला इतकं जड कापड नको. त्याच्या निम्म्या वजनाचं, एकेरी विणीचं पुरतं. पण कराटेचा पातळ ड्रेस घालून ज्युदोला पाठवलं तर पहिल्याच आठवड्यात काखेत फाटतो, आणि फाटलेल्या कापडात समोरच्याची बोटं अडकून मुरगळतात. उलट कराटेला ज्युदोचा जाड अंगरखा घातला तर मूल घामानं बेजार होतं. दुकानदाराला नुसतं ‘कराटेचा ड्रेस द्या’ म्हणू नये, नेमकं काय शिकायला जायचं आहे ते सांगावं. त्याहून बरं म्हणजे पहिला महिना काही घेऊच नये. टी-शर्ट आणि ट्रॅकपँट, खिसे आणि चेन नसलेली, एवढ्यावर कुठलाही समजूतदार शिक्षक सराव करू देतो. महिनाभरात मूल टिकणार की नाही ते कळतं आणि माप घ्यायलाही वेळ मिळतो.

मापाचे नंबर उंचीवर चालतात. ००० म्हणजे साधारण ११० सेंटीमीटर, ०० म्हणजे १२०, ० म्हणजे १३०, मग १, २, ३ असं दर नंबराला १० सेंटीमीटर. आपल्याकडे वाढत्या अंगाचा कपडा घ्यायची रीत, म्हणून दोन-तीन नंबर मोठा घेतला जातो. परवडण्याचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण लोंबती बाही मुठीवर येते, पोराला स्वतःचा हात कुठे आहे ते कळत नाही. लोंबत्या पँटमध्ये अंगठा अडकून ते तोंडावर पडतं. एक नंबर मोठा चालतो, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच. बाही मनगटापर्यंत आणि पँट घोट्याच्या जरा वर, एवढं पाहावं. जास्तीचं कापड बाहेरून गुंडाळू नये, आत दुमडून हातशिलाई घालावी. उंची वाढली की टाके उसवता येतात.

पट्टा मुलाला सगळ्यात प्रिय असतो, आणि संरक्षणाच्या दृष्टीनं त्याचं काम सगळ्यात कमी. तो अंगरखा जागेवर धरतो, एवढंच. गाठीनंतर दोन्ही टोकं सारखी, वीतभर लोंबावीत. अंगरख्याची उजवी बाजू आत आणि डावी वर. जपानमध्ये याच्या उलट फक्त मृतदेहाला नेसवतात, म्हणून तिथले शिक्षक हे पहिल्या दिवशी दुरुस्त करतात. मुलींनी अंगरख्याखाली पांढरा टी-शर्ट घालायचा.

मुलींचा विषय इथे थांबून बोलायला हवा, कारण क्लासमध्ये तो बोलला जात नाही. बारा-तेरा वर्षांच्या अनेक मुली दोन-तीन वर्षं चांगल्या शिकून अचानक येईनाशा होतात. अभ्यास, ट्यूशन अशी कारणं सांगितली जातात. पांढरी पँट आणि मासिक पाळी हे कारण कुणी सांगत नाही. पाय डोक्याच्या उंचीवर न्यायचा, जमिनीवर लोळायचं, समोर मुलं, शिक्षक पुरुष. डाग पडेल या भीतीनं मुलगी चार दिवस बुडवते, मग आठवडा, मग कायमचं. विम्बल्डनसारख्या पांढऱ्याच्या हट्टी स्पर्धेनंही २०२३ पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी दिली. सामन्याचे नियम बदलणं आपल्या गल्लीतल्या शिक्षकाच्या हातात नाही, पण रोजच्या सरावाला काळी पँट चालेल हे त्यानं सगळ्यांसमोर, मुलामुलींना सरसकट सांगून टाकावं. कुणा एकीला विचारावं लागू नये. आत घट्ट काळी सायकलिंग शॉर्ट्स आणि नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा हे तर पहिल्या खरेदीच्या यादीतच असावं. ज्या शाळांत सरकारी योजनेतून मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले जातात, तिथे त्या बहुधा शाळेच्या गणवेशातच असतात. ओढणी गळ्याभोवती. ती आधी काढून ठेवायला सांगणं, हा त्या तासाचा पहिला धडा असायला हवा.

ओढणीवरून आठवलं. अंगावरून काय उतरवायचं याची यादी अंगावर चढवायच्या यादीइतकीच महत्त्वाची आहे. कानातले, पैंजण, कडं, घड्याळ, गळ्यातला काळा दोरा, ताईत. ताईत काढायला घरची माणसं तयार नसतात. श्रद्धेचा भाग आहे आणि शिक्षकालाही जबरदस्ती करता येत नाही. पण गळ्यातला पक्का दोरा पकडीत अडकला तर तो तुटत नाही, गळा कापतो. सराव होईपर्यंत आईनं तो आपल्या मुठीत धरून बसावं. केस रबरबँडनं बांधावेत, पिना नकोत. चष्मा काढून नीट दिसत नसेल तर खेळाच्या चष्म्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलावं. आणि नखं. हातापायाची नखं दर आठवड्याला कापणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. कापली नाहीत तर जखम आपल्याला होत नाही, जोडीदाराच्या गालावर होते.

* * *

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत जाड सुती अंगरखा दोन-दोन दिवस वाळत नाही. ओलसर ड्रेस पिशवीत गुंडाळून परत क्लासला नेला जातो. जांघेत, काखेत, मानेवर गोल, लालसर, खाजरे चट्टे उठतात : गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. ही बुरशी आहे. कातडीला कातडी घासणाऱ्या खेळांत ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मॅटवरूनही जाते. कुस्तीत हे जगभर माहीत आहे. तालमीच्या मातीत हळद आणि कापूर मिसळायच्या रिवाजामागे त्वचा निरोगी राहावी ही समजूत आहेच.

भारतात गेल्या काही वर्षांत हा साधा वाटणारा आजार हट्टी झाला आहे, आणि त्याचं एक मोठं कारण त्वचारोगतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात : औषधाच्या दुकानातून थेट आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं. खाज एका रात्रीत थांबते, चट्टा फिकट होतो, आणि आत बुरशी पसरत राहते. मग ती घरभर जाते. म्हणून क्लासला जाणाऱ्या मुलाच्या अंगावर चट्टा दिसला तर मनानं मलम लावू नये, डॉक्टरला दाखवावं, आणि तो बरा होईपर्यंत जोडीचा सराव बंद ठेवावा. लपवून पाठवलं तर अख्ख्या बॅचला होतं. सराव झाला की घरी येताच आंघोळ, ड्रेस लगेच धुवायला, शक्य असेल तर दोन ड्रेस आळीपाळीनं. दुसरा ड्रेस ही चैन नाही. पावसाळ्यात ती गरज आहे, आणि ग्लोव्ह्जआधी तो घ्यावा. मॅट रोज जंतुनाशकानं पुसली जाते का, हे शिक्षकाला विचारायला संकोच करू नये. बाहेरच्या चपला मॅटवर येता कामा नयेत, आणि अनवाणी पाय मॅटवरून थेट स्वच्छतागृहात जाता कामा नयेत. मॅटच्या कडेला चपलांची ओळ सरळ लावून घेणारा शिक्षक शिस्तीचा बाऊ करत नसतो, तो हेच सांभाळत असतो.

* * *

सहा महिने, वर्ष झालं, मूल नेमानं येतंय, आणि शिक्षक म्हणतात की आता जोडीनं लढायला सुरुवात करू. इथे संरक्षक साहित्याचा खरा प्रवेश होतो, आणि इथेच ते कुणासाठी आहे हा विचार व्हायला हवा.

आपल्या आखाड्यांनी या प्रश्नाला एक सुंदर उत्तर दिलं होतं : फरी-गदगा. तलवार शिकायची, पण तलवारीनं शिकता येत नाही. मग कातड्यानं मढवलेली काठी म्हणजे गदगा, आणि हातात छोटी गोल ढाल म्हणजे फरी. वार खरा, गती खरी, पण हत्यारच मऊ केलेलं. जपानमध्ये अठराव्या शतकात तलवारीच्या आखाड्यांनी बांबूच्या पट्ट्यांची शिनाई आणि डोकं, हात, छाती झाकणारं चिलखत आणलं, त्यातूनच आजचा केंदो घडला. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते : साहित्य आलं म्हणून पूर्ण ताकदीनं सराव शक्य झाला, आणि पूर्ण ताकदीनं सराव होऊ लागला म्हणून खेळ बदलला. संरक्षण जितकं वाढतं तितका मार जोरात बसतो. ज्या शिक्षकाला हे कळतं तो मुलांच्या अंगावर सगळं एकदम चढवत नाही.

कराटेचे लाल-निळे ग्लोव्ह्ज मुठीवर असतात, म्हणजे ते मारणाऱ्याच्या हाताला जपतात आणि मार खाणाऱ्याच्या चेहऱ्याला. बॉक्सिंगमध्ये हे आणखी स्पष्ट आहे : सरावात जोडीदाराला जपायला जड, जास्त गादीचे ग्लोव्ह्ज आणि आत मनगटाला आधार देणारं कापडी बँडेज. मूल म्हणालं की माझे ग्लोव्ह्ज घरी राहिले, मी तसाच खेळतो, तर शिक्षकानं नाही म्हणायलाच हवं. शिनगार्ड दोघांच्याही नडग्या वाचवतो. हाडावर हाड आदळणं काय असतं हे ज्यानं अनुभवलंय तो ते कधी विसरत नाही. तायक्वांदोचा होगू, म्हणजे छाती-पोटाचा फोमचा गार्ड, पाठीवर दोऱ्यांनी बांधायचा असतो, आणि आपला आपल्याला तो नीट बांधता येत नाही. दुसऱ्यानं बांधून द्यावा लागतो. सामन्याआधी मुलं एकमेकांच्या पाठीमागे उभी राहून गाठी मारून देतात. सैल बांधला तर तो फिरतो आणि बरगडी उघडी पडते, म्हणून बांधणाऱ्यावर जबाबदारी असते. लंडन २०१२ पासून ऑलिंपिकमध्ये होगूच्या आत संवेदक आले, लाथ लागली की गुण आपोआप नोंदला जातो. पायातल्या मोज्यांतही संवेदक असतात. नवशिक्याला यातलं काही लागत नाही. साधा, मापाचा होगू पुरे, आणि तो क्लासनं पुरवलेला असला तरी चालतो.

जे क्लासचं चालत नाही, स्वतःचंच हवं, अशा दोन वस्तू आहेत. एक जांघेचा गार्ड, जो पँटच्या आत घालायचा असतो. मुलांना तर हवाच, तायक्वांदोच्या सामन्यात मुलींनाही लागतो. दुसरा दातांचा गार्ड. हा शोध १८९० च्या दशकात लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी मुष्टियोद्ध्यांच्या ओठांसाठी लावला. आज दुकानात मिळणारा साधा गार्ड गरम पाण्यात मऊ करून तोंडात धरायचा, चावायचा आणि दातांचा ठसा घेऊ द्यायचा. काही मिनिटांचं काम आहे, आणि किंमत ड्रेसच्या मानानं किरकोळ. तरीही यादीत तो शेवटी. सहा ते बारा वर्षं हे दुधाचे दात जाऊन कायमचे येण्याचं वय, म्हणून तो दर काही महिन्यांनी तपासून बदलावा लागतो. तारा लावलेल्या मुलांनी दंतवैद्याकडून करून घ्यावा. आणि इतकं करूनही कायमचा दात निखळलाच तर तो मुळाकडून धरू नये, वरच्या बाजूनं धरावा, घासू नये, हलकेच पाण्यात विसळून शक्य झालं तर त्याच खाचेत बसवावा. नाहीतर दुधात बुडवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. हे प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लिहिलेलं असावं.

हेडगार्डबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तो डोक्यावर दिसला की पालकांना हायसं वाटतं. फोमचा हेडगार्ड भुवया फुटणं, कान सोलवटणं, जमिनीवर आपटल्यावर कवटीला इजा होणं, यापासून बऱ्यापैकी वाचवतो. मेंदू आतल्या आत हलतो ते तो थांबवू शकत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष मुष्टियोद्धे हेडगार्डविना उतरले, त्यामागे हाच वाद होता. तो अजून संपलेला नाही. मुलांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. हेडगार्ड घालावा, आणि तरीही डोक्यावर जोराची लाथ किंवा ठोसा नवशिक्यांच्या सरावात असूच नये. तो घातलाय म्हणून मारू द्या, असं कुणी शिक्षक म्हणत असेल तर तो क्लास सोडावा.

कानाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मोडलेले, फुगलेले कान तालमीत पैलवानकीची खूण मानले जातात, आणि त्या अभिमानाचा मी आदर करतो. पण कानाच्या कुर्चेवरचं आवरण सुटून मधे रक्त साचलं, तर ते काही दिवसांत डॉक्टरनं काढलं नाही की कायमचं घट्ट होतं. बारा वर्षांच्या पोराला ही खूण हवी की नको हे ठरवायचं वय नसतं. कान गरम, फुगलेला, दुखरा दिसला तर त्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यावं.

* * *

पैशांचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. काही क्लासमध्ये प्रवेशाच्या दिवशीच ड्रेस, पट्टा, ग्लोव्ह्ज, शिनगार्ड, हेडगार्ड, बॅग असा सगळा संच घ्यायला लावतात, तोही क्लासकडूनच. वर दर तीन-चार महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा आणि तिची वेगळी फी. वर्षाखेरीस हिशोब केला की मॅटवर खर्च झालेला नसतो आणि मूल हेडगार्ड एकदाही न घालता मोठं झालेलं असतं. रिक्षा चालवणाऱ्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला या यादीमुळे दारातूनच परत जावं लागतं, आणि मला हे फार लागतं, कारण तालमीत लंगोटावर येणाऱ्या कुठल्याही पोराला वस्ताद हौद्यात उतरू देत आले.

उपाय अवघड नाही. पहिला महिना घरचे कपडे. दुसऱ्या महिन्यात एक ड्रेस, पावसाळ्याआधी दुसरा. होगू आणि हेडगार्ड क्लासनं सामाईक ठेवावेत, दर वापरानंतर पुसून उन्हात टाकावेत. जांघेचा आणि दातांचा गार्ड, आणि जोडीनं लढायला लागल्यावर ग्लोव्ह्ज व शिनगार्ड, एवढं स्वतःचं. ००० किंवा ०० नंबरचा ड्रेस मुलाला जेमतेम वर्षभर येतो आणि तोवर तो पुरता झिजलेलाही नसतो. धुऊन, इस्त्री करून क्लासच्या कपाटात ठेवला तर पुढच्या जूनला येणाऱ्या पोराला लगेच होतो. त्या कपाटाच्या दारावर नंबरांची चिठ्ठी लावावी, आणि कुणी कुणाचा ड्रेस घेतला याची नोंद ठेवू नये.